खिडकी क्रमांक तीन पुन्हा उघडली

माणसाला चौदा दिवस एका खोलीत बंद केलं की तो एकतर शहाणा होतो, नाहीतर लेखक होतो. मी आधीपासूनच शहाणा असल्यामुळे माझ्यापुढे दुसराच पर्याय शिल्लक होता.

बंद होण्याचं कारण साधं होतं. आमच्या नोंदणी कार्यालयात खिडकी क्रमांक चारवर बसणारा सहकारी साथीत सापडला, आणि गेली सव्वीस वर्षं तो माझ्याच पेनाने सह्या करत आल्यामुळे त्याच्यापाठोपाठ माझाही नंबर लागला. मला काहीएक झालेलं नव्हतं. साधी शिंक नव्हती. तरी आरोग्य खात्याची माणसं आली, त्यांनी दाराला क्वारंटाइनचा कागद चिकटवला, मला मागच्या खोलीत घातलं, आणि बायकोने खोलीबाहेर एक स्टूल आणून ठेवलं. स्टुलावर ताट यायचं, दार वाजायचं, आणि मी कडी काढेपर्यंत बायको स्वयंपाकघरात पोचलेली असायची. लग्नाला चोवीस वर्षं झाली, पण तिच्यात एवढी चपळाई आहे हे मला माहीत नव्हतं.

पहिले दोन दिवस मी दाराआडून तिला घर कसं चालवावं याबद्दल सूचना देण्यात घालवले. तिसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप ठेवताना ती म्हणाली, "तुम्ही पूर्वी ते ब्लॉग का काय लिहायचात ना, ते लिहा की परत. लिहीत असताना तुम्ही बोलत नव्हता."

कोणत्या साहित्यिकाला कोणत्या शब्दांत प्रेरणा मिळेल, सांगता येत नाही.

तर ब्लॉग. सात वर्षांपूर्वी मी खरोखरच ब्लॉग लिहीत होतो. त्याचं नाव 'खिडकी क्रमांक तीन', कारण मी तिथेच बसतो. जन्म, मृत्यू, विवाह, नावात बदल, सगळं माझ्या खिडकीवरून जातं. समोर आलेल्या माणसाला मी पहिला प्रश्न विचारतो, "तुम्ही म्हणजे तुम्हीच, याला पुरावा काय?" यावर माणसं जे चेहरे करतात आणि जे बोलून जातात, ते मी आठवड्याला एक याप्रमाणे लिहून काढत असे. एकसष्ट लेख झाले होते. मग एका कौटुंबिक समारंभात माझ्या मेहुण्याने त्यातला एक लेख मोबाइलवर काढला आणि हातवारे करत, नाकातून आवाज काढत सगळ्यांना वाचून दाखवला. लेख दुःखी होता. लोक पोट धरधरून हसले. मीही हसलो, काय करणार. दुसऱ्या दिवशी बायकोला सांगितलं की ऑफिसात काम वाढलंय, लिहायला वेळ होत नाही. खरं सांगायचं तर मला फार लागलं होतं. पण चारचौघांत लागलं म्हणून सांगायची सोय पुरुषांना नसते आणि कारकुनांना तर मुळीच नसते.

आता चहा संपवून मी संगणक लावला, ब्लॉग उघडला, आणि बघतो तर पानाच्या डोक्यावर पिवळी पट्टी. या ब्लॉगचे मालक सात वर्षं इकडे फिरकलेले नाहीत. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत ते आले नाहीत, तर ब्लॉग कायमचा पुसण्यात येईल. आणि तो दिवस होता मंगळवार.

गंमत बघा. ज्याच्याकडे सात वर्षं ढुंकून पाहिलं नाही, त्याच्यासाठी माझा जीव एकदम खालीवर व्हायला लागला. कारकून म्हणून मी निवृत्त होईन तेव्हा खिडकीवर दुसरा बसेल आणि दुपारपर्यंत मला कोणी आठवणारही नाही, हे मला ठाऊक होतं. पण हे एकसष्ट लेख फक्त माझे होते. ते गेले की माझं म्हणून काही उरतच नव्हतं.

पासवर्ड अर्थातच आठवेना. 'विसरलात?' यावर बोट दाबलं, तर उत्तर आलं की शेवटी एक्केचाळीस असलेल्या तुमच्या मोबाइलवर कोड पाठवतो. नेमकं तिथेच घोडं पेंड खात होतं. तो नंबर मी सहा-सात वर्षांपूर्वी सोडला होता. कंपनीने मी न मागता लावलेलं गाणं मला फोन करणाऱ्यांना दहा दिवस ऐकू येत होतं. मी फोन कंपनीच्या काउंटरवर जाऊन बाणेदारपणे म्हणालो होतो, "ठेवा तुमचा नंबर तुमच्याकडे." त्यांनी ठेवला आणि नंतर कोणालातरी देऊन टाकला. रागाच्या भरात हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

माझ्या खोलीची खिडकी वरच्या मजल्यावरच्या बँकवाल्यांच्या बाल्कनीखाली येते. हे गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेत, पण बँक त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. कठड्यावरून वाकून त्यांनी माझी अडचण ऐकली आणि सल्ला दिला की जुन्या नंबरवर फोन करून कोड मागा. लगेच दुसरा सल्ला दिला की कोणीही शहाणा माणूस कोड देणार नाही, कारण त्यांनी स्वतः इमारतीत तीन वेळा व्याख्यान देऊन सगळ्यांना बजावलंय. त्यांचे दोन्ही सल्ले बरोबर होते आणि दोन्ही मिळून माझ्या काडीच्या उपयोगाचे नव्हते. खालून आमचे सेक्रेटरी म्हणाले की ब्लॉग कंपनीला रीतसर अर्ज करा, दोन प्रतींत. हा सल्ला मात्र मला आवडला. मीही लोकांना हेच सांगतो. त्याने कोणाचं काम होत नाही, पण तक्रारीला जागा राहत नाही.

शेवटी मी आपल्याच जुन्या नंबरला फोन लावला. पलीकडून एका बाईंचा, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा आवाज आला. मी तयारी केली होती. म्हटलं, "नमस्कार, तुमच्या मोबाइलवर आत्ता एक सहा आकडी कोड येईल, तेवढा मला सांगा."

वाचकहो, हे वाक्य मोठ्याने म्हणून बघा. मी फोन करायच्या आधी म्हटलं नव्हतं.

बाई म्हणाल्या, "आवाजावरून तर चांगल्या घरचे वाटता. लाज नाही वाटत?" आणि फोन बंद. मी परत लावला. मी भामटा नसून लेखक आहे, क्वारंटाइनमध्ये आहे, वेळ थोडा आहे, असं एका दमात सांगितलं. यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं आणि प्रत्येक वाक्यागणिक मी जास्तच भामटा वाटत गेलो. फोन पुन्हा बंद झाला.

दुपारी जेवण करून आडवा होतोय तोवर इमारतीच्या ग्रुपवर संदेश आला. कुठून कुठून वळणं घेत तो आमच्यापर्यंत पोचला होता. सावधान, एक भामटा फोन करून कोड मागत आहे. आवाज सभ्य, वय पन्नाशीपुढचं. क्वारंटाइनमध्ये असल्याचं सांगून दया मागतो. स्वतःला लेखक म्हणवतो. खाली बँकवाल्यांनी तीन अंगठे लावले होते. सेक्रेटरींनी तर मला मुद्दाम फोन केला. तुम्ही आत एकटे आहात, अशा माणसाच्या बोलण्यात येऊ नका, असं ते कळवळून म्हणाले. मी त्यांना तसं वचन दिलं.

भामटा म्हटल्याचं मला एवढं वाईट वाटलं नाही. 'स्वतःला लेखक म्हणवतो' हे मात्र संध्याकाळपर्यंत घशाखाली उतरेना.

बुधवारी सकाळी माझ्याच जुन्या नंबरवरून मला फोन आला. त्याच बाई. त्यांनी फक्त माझं संपूर्ण नाव विचारलं. मी सांगितल्यावर म्हणाल्या, "अच्छा. म्हणजे ते तुम्ही."

त्या 'ते तुम्ही'मध्ये इतक्या वर्षांचा राग साठलेला होता. बाई एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका निघाल्या. त्यांनी हा नंबर घेतल्यापासून माझे सगळे फोन त्यांना जात होते, कारण नंबर बदलल्याचं नातेवाइकांना कळवायचं माझ्याकडून राहूनच गेलं होतं. माझ्या लांबच्या भाचीच्या लग्नाचं आमंत्रण त्यांना गेलं. माझ्या वाढदिवसाला माझ्या एका मावसभावाने त्यांना, तू अजून तसाच गाढव आहेस, असं सांगितलं, आणि हेडबाईंनी रागावल्यावर आवाज बदलून फसवू नकोस म्हणाला. दाताच्या डॉक्टरांकडून दर सहा महिन्यांनी आठवण येत होती ती वेगळीच.

"अक्कलदाढ काढलीत का?" बाईंनी विचारलं.

मी नाही म्हणालो.

"काढा. किती वर्षं ते बिचारे विचारतायत."

मला वाटलं, चला, ओळख पटली. मी हळूच कोडाचा विषय काढला. तर बाई म्हणाल्या, "तुम्ही ते गृहस्थ असाल, पण ब्लॉग तुमचाच आहे याला पुरावा काय?"

सव्वीस वर्षं. सव्वीस वर्षं मी हा प्रश्न खिडकीच्या या बाजूने विचारत आलो. पलीकडच्या बाजूला उभं राहून तो इतका अपमानाचा लागतो, याची मला कल्पना नव्हती. शेरास सव्वाशेर भेटतो म्हणतात, मला तर दीड शेर भेटली होती. बाईंनी ब्लॉगचं नाव लिहून घेतलं, एकदा परत वाचून दाखवलं आणि जाहीर केलं की आजचा दिवस त्या सगळे लेख वाचतील आणि उद्या सकाळी दहा वाजता माझी तोंडी परीक्षा घेतील.

गुरुवारी मी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून फोनसमोर बसलो. बाईंना मी दिसणार नव्हतो, पण परीक्षा ती परीक्षा. पहिलाच प्रश्न, कार्यालयाने चुकून मयत म्हणून नोंदवलेले आजोबा आपण जिवंत असल्याचं सांगायला आले, तेव्हा त्यांच्या हातात छत्री कोणत्या रंगाची होती? मी ठामपणे काळी म्हणालो. ती हिरवी होती. जुळ्या मुलींना एकच नाव द्यायला निघालेले आईवडील कोणत्या वारी आले, हेही चुकलं. पाचापैकी एक आला, तोसुद्धा अंदाजाने.

"लेखकाला स्वतःच्या विषयात पाचापैकी एक," बाई म्हणाल्या. "फेरपरीक्षा उद्या दुपारी साडेतीनला. त्याआधी मी झोपते."

म्हणजे पाचाच्या आत दीड तास मिळणार होता. वयाच्या बावन्नाव्या वर्षी नापास होऊन मी स्वतःचंच लेखन अभ्यासाला घेतलं. पहिल्या लेखापासून सुरुवात केली, रंग, वार, आकडे वहीत टिपत गेलो, आणि दहाव्या लेखानंतर टिपायचं विसरून नुसताच वाचत बसलो. बायकोने दोनदा दार वाजवलं, मला ऐकू आलं नाही. त्रेपन्नावा लेख आला. मेहुण्याने वाचून दाखवलेला. एक गृहस्थ बायकोच्या मृत्यूची नोंद करायला येतात. अर्जात जवळच्या नातेवाइकाचा फोन नंबर असा रकाना असतो. ते भराभर नंबर लिहितात आणि मग त्यांच्या लक्षात येतं की तो तिचाच आहे, कारण आयुष्यात त्यांना पाठ असा तेवढा एकच नंबर होता. लोक याच वाक्याला हसले होते.

मी हसलो नाही. डोळे पुसले. चांगलं लिहिलं होतं. हे मी स्वतः म्हणतोय हे मला कळतंय, पण नोंदी तपासणं हा माझा धंदा आहे आणि ही नोंद खरी होती. सात वर्षं मी एका नाकातल्या आवाजाला घाबरून बसलो होतो.

शुक्रवारी साडेतीनला बाईंनी चार प्रश्न विचारले आणि मी चारही बरोबर सांगितले. पाचवा त्यांनी शेवटी राखून ठेवला होता. मग म्हणाल्या, त्रेपन्नाव्या लेखातले गृहस्थ कोणता नंबर लिहितात. मी सांगितलं.

"बरोबर," त्या म्हणाल्या, "आमचे हे गेले तेव्हा मीही तोच घोळ घातला होता. खिडकीवरच्या माणसाने माझ्यावर खेकसून नवा फॉर्म दिला. तुम्ही त्या गृहस्थांचं काय केलंत?"

"मी तो नंबर तसाच राहू दिला," मी म्हणालो. "ते लेखात लिहिलं नाही. नियमात बसत नव्हतं."

"मागवा कोड," बाई म्हणाल्या.

इथे एखाद्याला वाटेल की संपलं. कोड आला. तो दोन मिनिटांत शिळा होतो. बाईंनी चष्मा शोधण्यात एक मिनिट घालवलं, आणि मग शुद्धलेखन घालावं तसा पहिला आकडा सांगून, लिहिलात का, वाचून दाखवा, असं सुरू केलं. चौथ्या आकड्याला कोड शिळा झाला. दुसऱ्या वेळी मीच घाईने आकडे उलटे टाकले. पडद्यावर सूचना आली की आता एकदाच. पावणेपाच होत आले होते. मी खिडकीशी जाऊन, सगळी शक्ती एकवटून फोनमध्ये ओरडलो, "बाई, न थांबता सांगा, सहाही आकडे, एका दमात!"

कोड मागायचा सल्ला मंगळवारी आपणच दिला होता हे साफ विसरून वरच्या बाल्कनीतून बँकवाले गरजले, "सापडला! भामटा सापडला! आपल्याच इमारतीत आहे!"

पाच मिनिटांत सगळ्या बाल्कन्या भरल्या. सेक्रेटरी खाली अंगणात येऊन मान वर करून उभे राहिले. आपण त्या दिवशी भामट्यालाच भामट्यापासून सावध केलं, हे त्यांच्या लक्षात येत होतं. पोलिसांना कळवायचं की आधी आरोग्य खात्याला, यावर चर्चा सुरू झाली. मी नियमाप्रमाणे मास्क चढवून खिडकीतून खुलासा करायला गेलो, पण त्यामुळे तो कोणाला कळला नाही. तेवढ्यात आमच्या बाल्कनीचं दार उघडलं आणि माझी बायको बाहेर आली. ही बाई कधी शेजाऱ्यांशी चढ्या आवाजात बोललेली मी ऐकली नव्हती.

"भामटे नाहीत ते," ती म्हणाली. "लेखक आहेत. आणि त्यांना पाचाच्या आत काम आहे, तेव्हा जरा गप्प बसा."

बाल्कन्या गप्प बसल्या. मी शेवटचा कोड मागवला, हेडबाईंनी सहा आकडे एका दमात सांगितले, मी टाकले, आणि ब्लॉगचं दार उघडलं. म्हणजे अर्धं उघडलं. आत आणखी एक प्रश्न उभा होता, तो मी मोठ्याने वाचला. 'बालपणीच्या सर्वांत जवळच्या मित्राचं नाव?' उत्तराच्या तीन संधी.

बाकावरच्या मित्राचं नाव टाकलं. चूक. गल्लीतल्या ढब्बूचं टाकलं. तेही चूक. पाचाला सात मिनिटं कमी होती. बँकवाले वरून, तुमचा मित्र कोण ते तुम्हालाच माहीत नाही म्हणजे काय, असं विचारू लागले. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

दाराशी पावलं वाजली. या वेळी ती दार वाजवून पळाली नाही.

"ते पान भरताना तुम्ही काय केलं असेल, सांगू?" बायको दाराला लागून म्हणाली. "लेकीच्या शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा छंद असा रकाना होता. आठवतं काय लिहिलंत? तेव्हा आठवड्याला एक लेख लिहीत होतात तुम्ही. मला इतकं वाईट वाटलं होतं."

आठवलं. काखेत कळसा अन् गावाला वळसा. जो रकाना सक्तीचा नाही, जिथे पुरावा जोडता येणार नाही, तिथे सव्वीस वर्षं माझा हात आपोआप दोनच शब्द लिहितो. मी ते टाकले. लागू नाही.

खिडकी क्रमांक तीन उघडली. पिवळी पट्टी गेली. घड्याळात पाचाला चार मिनिटं कमी होती. मी ओरडलो, बायको ओरडली, फोनवर हेडबाई शांत बसा म्हणून ओरडल्या, आणि बाल्कन्यांमधून टाळ्या पडल्या. बँकवाल्यांच्या सगळ्यात जोरात होत्या.

त्याच संध्याकाळी मी बासष्टावा लेख लिहिला, हाच सगळा प्रकार, कमीजास्त न करता. इमारतीतल्या सगळ्यांनी वाचला, कारण सगळे त्यात होते. पहिला अभिप्राय जुन्या नंबरवरून आला. दहापैकी साडेसहा. शेवट घाईत. अक्कलदाढ काढा. मेहुण्याचाही फोन आला. भावोजी, सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवतो म्हणाला. मी त्याला म्हटलं, आधी मनात वाच. अर्ध्या तासाने त्याने परत फोन केला, मनात त्रेपन्नावाही वाचला म्हणाला, आणि या वेळी आवाज नाकातून नव्हता.

चौदाव्या दिवशी आरोग्य खात्याच्या बाई माझी सुटका करायला आल्या. दारावरचा कागद काढला आणि एक फॉर्म पुढे केला. नाव, पत्ता, व्यवसाय, आणि त्याखाली 'इतर'. माझ्या हाताने सवयीने 'लागू' एवढं लिहूनसुद्धा टाकलं. मी ते रेघ मारून खोडलं, खोडाखोडीवर नियमाप्रमाणे छोटी सही केली आणि बाजूला स्वच्छ अक्षरात लिहिलं, लेखन.

बाईंनी फॉर्म वाचला, माझ्याकडे पाहिलं. "याला काही पुरावा?"

मी बायकोकडे बघितलं, ती माझ्याकडे. मग मी शेवटी एक्केचाळीस असलेला नंबर लावला आणि फोन बाईंच्या समोर धरला. शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज सगळ्या जिन्यात घुमला.

"हो, लेखकच आहेत ते. मी स्वतः परीक्षा घेतली आहे."